मेपलखालचे एकेचाळीस दगड

ऑक्टोबर आला की माझ्याआधी माझ्या हातांना कळतं. पानं ओढायचं लांब दांड्याचं दाताळं, इथं त्याला रेक म्हणतात, गराजच्या भिंतीवरून खाली काढलं की तळव्याच्या त्याच जागा त्या दांड्यावर जाऊन बसतात. मिशिगनमधल्या आमच्या ट्रॉयला या दिवसांत सगळ्या गल्ल्यांतून एकच आवाज येत असतो, सुक्या पानांवरून तारेचे दात ओढल्याचा. शेजारी एकमेकांना हात करतात, झाडाकडे वर बघतात, आणि पुन्हा ओढू लागतात. संध्याकाळी रस्त्याच्या कडेला खाकी पिशव्यांची रांग लागते. सकाळी उठून पाहावं तर हिरवळ पुन्हा भरलेली. हे काम कधी पुरं होत नाही, नुसता मोसम संपतो.

मागच्या अंगणात मेपलच्या झाडापाशी आलो की मी रेक बाजूला ठेवतो आणि गुडघ्यांवर बसून हातानं पानं काढतो. तिथं दगड आहेत. एक लांबट, उभा पुरलेला, आणि त्याच्याभोवती गोल मांडलेले चाळीस. कुणी विचारलं तर मी सांगतो, आधीच्या शेजारणीचे आहेत. ते खोटं नाही.

सात वर्षं झाली. त्या वर्षीचा ऑक्टोबर माझ्या लक्षात आहे तो मुख्यतः थकव्यानं. दुःख पुढं कधीतरी आलं असावं, सवडीनं. त्या महिन्यात मी फक्त दमलेला होतो. जिना चढताना मध्येच थांबायचो आणि वर कशासाठी निघालो होतो ते आठवत नसे. लोकांनी आणून दिलेल्या जेवणाचे डबे कोणाचे कोणते ते कळेनासं झालं होतं. मी ग्रंथालयात नोंदणीचं काम करतो. आलेलं पुस्तक बघायचं, त्याचं कार्ड करायचं, ते कुठल्या विषयाखाली जाईल ते ठरवायचं. आयुष्यभर वस्तू कुठं ठेवायची हे इतरांना सांगणाऱ्या माणसाला त्या महिन्यात स्वतःचा चष्मा सापडत नव्हता.

सुलभा, माझी बायको, भूलतज्ज्ञ होती. आम्ही या देशात आलो ते तिच्या नोकरीमुळे, मी तिच्या मागून आलो. दिवसभर माणसांना झोपवून ती घरी यायची आणि आत न येता मागच्या पायरीवर बसायची. अंगात कोट तसाच, हातात गाडीच्या किल्ल्या. ‘पाच मिनिटं,’ म्हणायची. ‘पाच मिनिटं मला कुणी काही विचारू नका.’ आमची मृणाल तेव्हा लहान होती. दाराच्या जाळीला नाक लावून ती उभी राहायची आणि ओरडायची, ‘आई, फाइव्ह मिनिट्स झाली!’ सुलभा न वळता म्हणायची, ‘तुझं घड्याळ पुढं आहे.’

शेजारचं घर भाड्याचं होतं. तिथं एक जपानी जोडपं राहायला आलं. नवरा मोटारींचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर, सतत फिरतीवर. बायकोला आम्ही नारितासान म्हणायचो, सान म्हणजे आपलं बाई; मृणालनंच ते नाव घरात आणलं. त्या वर्षांत डेट्रॉईटच्या आसपास जपानी असणं सोपं नव्हतं. जपानी गाड्यांच्या खपापुढं इथले मोटारींचे कारखाने बंद पडत होते, आणि राग कुणावर काढायचा ते लोकांनी ठरवून टाकलं होतं. नारितासानचा नवरा मुद्दाम अमेरिकन गाडी चालवायचा. एकदा किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये एक दांडगा माणूस नारितासानच्या अंगावर ओरडला, तेव्हा हॉस्पिटलातून परतणारी सुलभा तिथं होती. ती त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, ‘मी भूल देणारी डॉक्टर आहे. तुमचा चेहरा लक्षात ठेवते. कधीतरी तुम्ही माझ्या टेबलावर याल.’ तो माणूस गाडीत बसून निघून गेला. दुसऱ्या दिवशी नारितासान सफरचंदांची टोपली घेऊन आमच्या दारात उभी होती.

पुढं सुलभा आजारी पडली. तो सगळा उन्हाळा मी हॉस्पिटलात, आणि अकरा वर्षांची मृणाल दुपारभर नारितासानकडे. दोघींनी त्या उन्हाळ्यात एक उद्योग काढला होता. पार्कातल्या नदीवरून एकेक दगड आणायचा आणि नारितासानच्या मागच्या हिरवळीवर गोल मांडायचा. संध्याकाळी मी मृणालला आणायला गेलो की ते कडं थोडं वाढलेलं असायचं. मी पाहायचो आणि पाहून न पाहिल्यासारखं करायचो. कुणी काही दाखवत असलं की मान हलवायची, एवढंच तेव्हा मला जमत होतं.

नारितासान जपानच्या उत्तरेकडची, आकिता नावाच्या भागातली. तिच्या वडिलांची सफरचंदांची बाग होती, आणि बागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर शेतांमधून दगडांची दोन मोठी कडी होती. ती सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची. जोमोन लोकांची. हे लोक ओल्या भांड्यांवर दोरी दाबून नक्षी उठवायचे, शिकार करायचे, मासे धरायचे, चेस्टनट गोळा करायचे. त्यांनी कोसभर लांबच्या नदीतून हजारो दगड वाहून आणले आणि माळावर मांडले. लहान लहान पुंजके, पुंजक्यांचं मोठं वर्तुळ. एका ठिकाणी मधोमध उभा दगड आणि त्याच्यापासून निघालेले लांबट दगड, सूर्याचे किरण काढावेत तसे. ‘कशासाठी?’ असं मृणालनं विचारलं होतं. ‘त्यांच्या गेलेल्या माणसांसाठी,’ नारितासान म्हणाली होती. हे मला फार उशिरा कळलं.

सुलभा सप्टेंबरच्या सुरुवातीला गेली.

आमच्याकडे तेव्हा भटजी नव्हते, नेनेकाका होते. कारखान्यात आयुष्यभर लोखंड ओतून निवृत्त झालेले धातुशास्त्रज्ञ, जवळ विधींची एक पोथी आणि वाचायचा मोठा चष्मा. इथल्या मराठी घरांतल्या मुंजी, लग्नं, आणि हेही, तेच करायचे. दहनाच्या ठिकाणी अग्नी म्हणजे एक बटण होतं. पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन फिरायचं आणि ते दगडानं फोडायचं, एवढं तरी करू म्हणून काकांनी बाहेर पार्किंगमध्ये परवानगी काढली होती. मडकं मिळालं नव्हतं. नर्सरीतून त्यांनी मातीची कुंडी आणली होती.

‘हिला खालून भोक आहे, काका,’ मी म्हणालो.

‘म्हणून तर कणकेनं बुजवलंय. काकूनं मळून दिली. चल, दगड उचल एक.’

‘कुठला?’

‘कुठला काय, हाताला येईल तो. बघत बसू नकोस श्रीपाद, मागं दुसऱ्यांची गाडी येऊन उभी आहे.’

झुडपांच्या बुडाशी शोभेसाठी पसरलेले दगड होते. त्यातला एक मी न बघता उचलला. काकांनी त्यानं कुंडीला टोला दिला, पाणी माझ्या पाठीवरून बुटांत गेलं, आणि तो दगड जीवखडा झाला. ‘आता दहा दिवस ती यात आहे,’ काका म्हणाले. ‘रोज तिळाचं पाणी घालायचं. घरात आणायचा नाही. दहाव्या दिवशी वाहत्या पाण्यात सोडायचा, म्हणजे ती सुटली.’ मृणाल माझ्या कोटाचं टोक धरून उभी होती. ती उत्तरं इंग्रजीत द्यायची. पण मराठी तिला सगळं कळत होतं, हे आम्ही मोठी माणसं सोयीनं विसरायचो.

मागच्या पायरीपाशी स्टीलच्या वाटीत तो दगड ठेवला. जिथं ती बसायची तिथंच, हे मी ठरवून केलं नव्हतं. रोज सकाळी पाणी घालायचो आणि कामाला लागायचो. दहाव्या दिवशी नदीवर गेलो. पिंड ठेवले. कावळे पलीकडच्या झाडावर होते, पण एकही खाली उतरला नाही. तास गेला. काका म्हणाले, ‘काही राहिलंय का तिचं? मृणालची काळजी घेईन म्हण.’ म्हटलं. कावळा आला नाही. शेवटी पाण्यातून एक लठ्ठ बदक चालत वर आलं आणि तिन्ही पिंड खाऊन गेलं. ‘हंस समज,’ काका हळूच म्हणाले, ‘जरा जाड आहे इतकंच.’ सुलभा असती तर खूप हसली असती. मी दगड पाण्यात सोडला. पण तो न उतरलेला कावळा घरी आल्यावरही माझ्या खांद्यावर बसून राहिला.

मग पानं गळायला लागली.

नारितासानचा नवरा जपानला गेला होता. तिची हिरवळ पानांनी भरलेली पाहून एका शनिवारी मी आमचा रेक घेऊन तिकडं गेलो. इकडे अंगणांना कुंपणं नसतात, पानंही दोन्ही घरांची एकमेकांत मिसळलेली. ओढत ओढत त्या कड्यापाशी आलो. दगडांखाली पानं अडकली होती, म्हणून वाकून एक दगड बाजूला ठेवला, दुसऱ्याला हात घातला.

‘बाबा, स्टॉप! डोंट मूव्ह देम!’ मृणाल धावत आली. तिच्या हातातली पिशवी वाऱ्यावर तशीच गेली.

‘अगं, परत ठेवतो.’

‘नो! आई इज इन देअर.’

मला आधी वाटलं, ती खेळातलं काही बोलते आहे. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

‘मग मी नदीत काय सोडलं?’

‘अ रॉक. आपल्या ड्राइव्हवेमधला.’ ती रडत नव्हती. ‘तू तिला फेकून देणार होतास. नेनेकाका सेड सो. हिअर देअर आर अदर पीपल. नारितासानचे लोक नदीतून दगड आणतात, बाबा. दे डोंट थ्रो देम इन.’

मी तिथंच हिरवळीवर बसलो. मला राग आला नाही, तेवढी शक्ती नव्हती. कावळा का उतरला नाही ते कळलं, आणि ते कळल्याचंच भय वाटलं. म्हणजे ती सुटलेली नव्हती. सगळं आयुष्य घाईत आणि पायांवर उभं राहून काढलेली माझी बायको शेजारच्या अंगणात पानांखाली अडकून पडली होती, आणि मी रोज तिच्या शेजारून गाडी काढत होतो.

‘कुठला त्यातला?’

तिनं एकाकडे बोट केलं. मग दुसऱ्याकडे. मग म्हणाली, ‘आय फर्गॉट.’

संध्याकाळी नेनेकाका आले. घडीची खुर्ची मांडून चष्मा लावून एकेक दगड फिरवून पाहू लागले. ‘हा ग्रॅनाइट. हा बेसाल्ट. हा तर चक्क भट्टीतला मळ आहे, हा आमच्याच कारखान्यातला निघायचा. तू उचललास ना रे? मग तुला ओळखू येत नाही?’

‘तुम्हीच म्हणालात, बघत बसू नकोस.’

काकांनी हातातला दगड खाली ठेवला. मग म्हणाले, ‘जीवखडा हरवला तर दुसरा घेता येतो, असं वाचलंय. पण हा हरवलेला कुठं आहे? हा इथंच आहे आणि सापडत नाहीये. असं कर, सगळे सोड पाण्यात. दोन खेपांचं काम.’

मृणाल कड्याच्या आत जाऊन उभ्या दगडाला पाठ लावून बसली. पाय पोटाशी घेतले. तिला उचलून बाजूला करणं अशक्य नव्हतं. आम्हा दोघांपैकी कुणी ते केलं नाही.

नारितासान चहा घेऊन बाहेर आली. मोडक्या इंग्रजीत मी तिला सगळं समजावलं. इंग्रजी मोडकं तिचं नव्हतं, त्या दिवशी माझंच होतं. ती बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, ‘आमच्याकडे युद्धानंतर मोठे प्रोफेसर आले होते. मी तेव्हा लहान. त्यांनी दगडांखाली खणलं. खड्डे मिळाले, हाडं नाहीत. आमची माती आंबट आहे, हाडं राहत नाहीत.’

‘मग ती थडगीच, हे कशावरून?’ काकांनी विचारलं.

‘इतक्या लांबून कुणी उगाच दगड आणत नाही,’ ती म्हणाली. ‘कोण कुणाच्या खाली ते कुणालाच माहीत नाही. माझी आई तिथून जाताना एकदाच वाकायची, सगळ्यांना मिळून.’ हे बोलताना ती आमच्याकडे बघत नव्हती, मृणालकडे बघत होती. मृणालनं मान खाली घातली.

पुढच्या आठवड्यात मी ग्रंथालयात त्या कड्यांवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मागवून घेतलं. फोटोतला तो उभा दगड थेट नारितासानच्या हिरवळीवरच्यासारखा होता, म्हणजे खरं तर उलटं. वाचून झाल्यावर सवयीनं मनात कार्ड करू लागलो. विषय काय लिहायचा? दफन म्हणावं तर हाडं नाहीत. धर्म म्हणावं तर देवाचं नाव माहीत नाही. काहीजण म्हणतात, उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा दिवस मावळतो त्या दिशेला दगड बरोबर लागतात, म्हणून पंचांग म्हणावं. एवढे कष्ट कुणी केले ते दिसतं, का केले ते दिसत नाही. आमच्या विधीत दगड नदीला द्यायचा, त्यांच्यात नदीकडून मागून घ्यायचा. मधे चार हजार वर्षं आणि एक समुद्र. पण कुणीतरी दमलेल्या माणसानं ओझं कमरेवर टेकवून मध्येच थांबून श्वास घेतला असेल, तो मात्र मला ऐकू येत होता.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला नारितासानच्या नवऱ्याची बदली परत जपानला झाली. घरमालकानं कळवलं की हिरवळ होती तशी करून द्यावी. म्हणजे दगड हलवायला हवेत. नदी पाच मिनिटांच्या अंतरावर होती. काका माझ्याकडे बघत होते, मृणालही. मी गराजमधून एकचाकी ढकलगाडी काढली आणि आमच्या मेपलकडे बोट केलं.

ते काम आम्ही पद्धतशीर केलं, कारण मला तेवढंच येतं. नारितासाननं कागदावर कडं काढून दिलं. मी प्रत्येक दगडाच्या पोटाला खडूनं आकडा घातला आणि प्रत्येकाचं एकेक कार्ड केलं: रंग, आकार, खूण. त्या दिवशी मी पहिल्यांदा ते दगड पाहिले. नारितासान दगड उचलून द्यायची, मी लिहायचो, काका गाडी ढकलायचे. ‘अडतीस वर्षं लोखंड ओतलं,’ ते धापा टाकत म्हणाले, ‘आणि आता दगड वाहतोय. प्रगती आहे!’ मृणाल गाडीबरोबर दर खेपेला चालत जायची, एक हात दगडांवर ठेवून. उभा दगड शेवटी रोवला. हात धुताना पहिला बर्फ भुरभुरायला लागला होता. जायच्या दिवशी नारितासान मेपलपाशी गेली आणि एकदा वाकली, सगळ्यांना मिळून.

वर्षश्राद्धाला काकांनी विचारलं, ‘त्याचं काही केलंस का रे?’ मी नाही म्हणालो. पुढं त्यांनी विचारणं सोडलं. मी मात्र दर ऑक्टोबरात या दगडांपाशी गुडघे टेकून हाच विचार करत आलोय, की तिला मी अडवून ठेवलंय. एका लहान मुलीचं मन मोडवेना म्हणून, आणि खरं सांगायचं तर चाळीस दगड नदीपर्यंत न्यायचा मला कंटाळा आला म्हणूनही.

मृणाल या ऑगस्टमध्ये कॉलेजला गेली. दोन तासांवर आहे. घर एवढं शांत असतं की फ्रिज सुरू झालेला कळतो. काल रविवारी मी पानं काढायला बसलो. काढता काढता हात एका खळग्यात गेला. ओली, काळी माती, मुठीएवढी जागा, कडेला दोन गांडुळं. मोजले. उभा धरून चाळीस.

तळघरातून कार्डांचा डबा आणला, नारितासानचा कागद उलगडला. खळगा सतरा नंबरचा होता. सतराव्या कार्डावर माझ्या अक्षरात लिहिलं होतं: ‘करडा. मुठीएवढा. एका बाजूनं पांढरी रेघ. विशेष काही नाही.’

हात न धुताच फोन केला.

‘मृणाल, सतरा नंबर कुठं आहे?’

मागं कुणाचा तरी रेडिओ वाजत होता. तो बंद झाला.

‘माझ्या डेस्कवर,’ ती म्हणाली.

‘तुला माहीत होतं?’

‘ऑलवेज, बाबा.’

‘आणि नारितासानला?’

‘शी नेव्हर आस्क्ड. बट आय थिंक सो.’ मग ती म्हणाली, ‘तेव्हा सांगितलं असतं तर तू सोडून आला असतास.’

‘हो.’

‘रागावलास?’

‘नाही गं. पाणी घालतेस का त्याच्यावर?’

‘झाडांना घालते तेव्हा.’

मी भिंतीला टेकून उभा होतो. रिसीव्हरला माती लागली होती. ‘तिथं नदी आहे ना जवळ?’ मी विचारलं.

‘आहे. डॉर्मच्या मागेच. आय गो देअर अ लॉट.’ मग पुढचं ती मराठीत बोलली. ‘सोडीन, बाबा. मीच सोडीन. पाच मिनिटं दे ना.’

फोन ठेवून बाहेर आलो. तेवढ्यात खळग्यात पुन्हा पानं येऊन पडली होती. ती काढली, खळगा तसाच ठेवला. मग अंगातला कोट न काढता मागच्या पायरीवर बसलो. हिरवळ अर्धी झाली होती, अर्धी राहिली होती. मी मृणालला पुढं काही विचारलं नव्हतं.